झाकली बाटली सव्वा लाखाची

द्राक्षांबद्दल तासगावच्या माणसाला काही सांगायला जाऊ नये. माझे मामा तिथे बाग करतात. मणी न तोडता, नुसतं घडाकडे बघून साखर किती भरली ते सांगतात आणि मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून तोच आकडा दाखवतात. सोबत नवा जावई असला तर हमखास. तास-ए-गणेश ही जात याच तालुक्यातल्या बोरगावची, वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेसमधून निवडून काढलेली, हेही दर हंगामात एकदा तरी ऐकवतात.

पण तीच द्राक्षं बाटलीत गेली की आमची माणसं गप्प होतात. खरं तर राज्याने २००१ साली द्राक्ष-वाइनचं धोरण आणलं तेव्हा दोन वाइन पार्क ठरले होते, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरा आमच्या पलूसला. विंचूरचं नाव झालं. पलूसवरून जाताना गाडीत अजूनही बेदाण्याच्या भावाचीच चर्चा असते. लग्नाच्या वाढदिवसाला कुणीतरी पुण्याहून एखादी बाटली आणतं, नाही असं नाही. ती आली की आधी लेबल वाचायचं, मग हळूच किंमत विचारायची आणि मग मान डोलवायची. सौद्याला बेदाण्याच्या बॉक्समध्ये हात घालून, चार दाणे तोंडात टाकून "माल हलका आहे" असं तोंडावर सांगणारी हीच माणसं. वाइनसमोर यांची जीभ एवढी भित्री कशी होते, ते मला बघायचं होतं. म्हणून मी लेबलंच झाकली.

बाटल्या जमवायला वेळ लागला. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयात शुल्क, वर राज्याचे कर, त्यामुळे दुकानातून सहा देश घरी आणायचे तर फिक्स डिपॉझिट मोडावं लागलं असतं. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना धरलं. परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येतं. त्यात पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात आणि अर्ध्या लिटरचा हक्क फुकट जातो, याची हळहळ मला दर वेळी त्या आणणाऱ्यापेक्षा जास्त वाटली. असं करत फ्रान्समधल्या सान्सेरची एक, न्यूझीलंडच्या मार्लबरोची एक आणि चिलीची एक अशा सॉव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षाच्या तीन वाइन झाल्या. दक्षिण आफ्रिकेची एक शेनिन ब्लाँ, तिच्या जोडीला नाशिकची शेनिन ब्लाँ आणि जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग. एकाच द्राक्षाच्या दोन-तीन देशांतल्या वाइन शेजारी-शेजारी ठेवल्या तरच काही कळतं, असं माझं मत आहे. सहा देशांची सहा वेगळी द्राक्षं मांडली की फरक देशाचा की द्राक्षाचा, यावरच रात्र संपते.

सगळ्या पांढऱ्याच घेतल्या, कारण उघड आहे. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत फेब्रुवारीतच दुपारी पंखा पाचवर जातो, तिथे लाल वाइन कोण पिणार? दुसरं म्हणजे पांढऱ्या वाइन दिसायला बऱ्याचशा सारख्या, डोळ्यांना फार काही सांगत नाहीत. डोळे फार लुडबुड करतात. २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोमधला एक प्रयोग आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनचे शब्द वापरून केलं, आणि हे सगळे त्या धंद्यात पडणारे लोक.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं काम मामांनी अंगावर घेतलं. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बागेत घडांना असाच पेपर लावतात, त्यामुळे त्यांचा हात इतका बसलेला की चिकटपट्टीही लागली नाही. पण नुसत्या कागदाने भागत नाही. रीसलिंगची बाटली उंच, सडपातळ असते, मार्लबरोला बहुतेक वेळा फिरकीचं झाकण असतं, आणि ज्याला हे माहीत असतं तो चव घ्यायच्या आधीच शहाणा होतो. म्हणून ओतायचं काम आत स्वयंपाकघरात. मी नंबर घातले, नवऱ्याने ते मला न सांगता बदलले, म्हणजे बाहेर ग्लास नेताना माझ्या चेहऱ्यावरूनही कुणाला काही कळायला नको. एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी आधीच ठरवली होती: चिलीची वाइन दोनदा द्यायची, दोन वेगळ्या नंबरांनी. बाटल्या सहा, ग्लास सात. बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाकी तयारी म्हणजे नुसत्या बंद्या. त्या दिवशी अगरबत्ती नाही, फोडणी नाही, कुणी गजरा माळायचा नाही, अत्तर तर नाहीच. तोंड साफ करायला साधा पाव आणि पाणी. भडंगाचा डबा मी कपाटात कुलूपबंद केला. सांगलीत पाहुण्यांपुढे भडंग नाही म्हटल्यावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण लसूण आणि तिखट एकदा जिभेवर बसलं की सान्सेर काय आणि सरबत काय. शिवाय वाइन फ्रिजमधून थेट ओतायची नाही. दहा अंशांच्या आसपास ती बोलायला लागते. चार अंशांवर नुसती गार लागते, वासही लपतो आणि खोडही लपते. पुस्तकांत अर्धा तास आधी बाहेर काढा म्हणतात. ती पुस्तकं सांगलीत लिहिलेली नाहीत, इथे दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

थुंकायला भांडं हवं होतं. माळ्यावरून आजेसासऱ्यांची पितळी पिकदाणी निघाली. चिंचेने घासून मध्ये ठेवली. ती फक्त मामांनी वापरली, तीही अगदी सहज. "चव बघायची म्हंजे गिळायचंच असतंय व्हय?" जगभरातले व्यावसायिक हेच करतात. बाकीच्यांना मात्र एवढ्या लांबून आलेली वाइन पिकदाणीत टाकायचा धीर झाला नाही.

मंडळी फार नव्हती. मामा, नवऱ्याचे बँकेतून निवृत्त झालेले मित्र, ज्यांना आम्ही काका म्हणतो, वरच्या मजल्यावरचं पुण्याहून परत आलेलं आयटीतलं जोडपं, आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "मी पिणार नाही. पण वास घेईन." मी त्यांना ग्लास दिला, आणि संध्याकाळचं सगळ्यात चांगलं नाक त्यांचं निघालं. यात नवल नाही. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो. जीभ बिचारी आंबट, गोड, कडू, खारट अशा चार-पाच चवींवरच थांबते.

पहिला ग्लास सान्सेरचा निघाला, अर्थात हे नंतर कळलं. आयटीतल्या मुलीने भिंगवून भिंगवून तो एवढा फिरवला की थोडी वाइन टेबलावर आली. "सिट्रस," ती म्हणाली. सासूबाईंनी एकदाच नाकाशी नेला. "पाटा धुतल्यावर येतो तसा." सान्सेरमध्ये गारगोटीची जमीन आहे आणि तिथल्या वाइनला दगडाचा वास येतो असं वाइनवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मातीतले दगड मुळांवाटे चढून थेट ग्लासात वास देत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी कितीही सांगितलं तरी. पण सासूबाईंनी सान्सेरचं नावही ऐकलेलं नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

तिसऱ्या ग्लासाला खरी मजा आली. काका म्हणाले ढोबळी मिरची. सासूबाई म्हणाल्या, टोमॅटोचं पान, गच्चीवर रोपाला हात लागला की येतो तो. मामांनी वास घेतला, घोट तोंडात फिरवला, पिकदाणीत टाकला आणि म्हणाले, "ह्याचा घड सावलीत ऱ्हायलाय बघ. पानं काढली न्हाईत."

मी आत जाऊन नंबर बघितला तर मार्लबरो. सॉव्हिन्याँ ब्लाँमध्ये मेथॉक्सीपायराझिन नावाची संयुगं असतात, हिरव्या मिरचीचा वास त्यांचा. घडावर ऊन पडलं की ती कमी होतात, सावलीत आणि थंड हवेत टिकून राहतात. हे वाचायला मला इंटरनेट लागलं होतं. मामांना मात्र एक घोट पुरला. मी त्यांना म्हटलं, "मामा, तिकडे १९७० च्या दशकात हे द्राक्ष लावलं आणि याच हिरव्या वासावर जगभर नाव कमावलं. मुद्दाम ठेवतात."

"मुद्दाम?" मामांनी पुन्हा ग्लास उचलून नाकाशी धरला. "आमच्याकडं असला माल दलाल निम्म्या भावात मागंल."

त्यानंतर त्यांची भीड पार गेली. चौथ्याला, म्हणजे आफ्रिकेच्या शेनिनला, त्यांनी गंधक ओळखलं. गैर काही नाही, वाइन टिकवायला सल्फाइट घालतातच, आणि बेदाणा पिवळा राखायला शेडमध्ये गंधकाची धुरी देणाऱ्या माणसाचं नाक त्याला सरावलेलं असतं. ग्लास हलवून जरा ठेवल्यावर वास उडाला आणि मग सगळ्यांनाच मध आणि पिकायला आलेला पेरू सापडला. पाचव्या ग्लासातली नाशिकची शेनिन आयटीतल्या जोडप्याने छातीठोकपणे फ्रान्सची ठरवली. कारण विचारलं तर "बॅलन्स" म्हणाले. बिचाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने असंच फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या होत्या. परीक्षक फ्रान्समधले नामवंत. त्यांच्यातल्या एकाने कॅलिफोर्नियाचा ग्लास पिऊन आता कुठे फ्रान्सला परत आलो, अशा अर्थाचं काही म्हटलं होतं. पांढऱ्यांत पहिली आली ती शॅटो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने, कॅलिफोर्नियाचीच.

गुण द्यायचे नाहीत, असं मी आधीच सांगितलं होतं. "अजून एक ग्लास घ्याल का?" एवढाच प्रश्न. पण काकांनी हयातभर कर्जाचे अर्ज तपासलेले. त्यांनी स्वतःच आखीव कागद आणला होता: रंग, वास, चव, शेवट, एकूण वीसपैकी. दुसऱ्या नंबरला त्यांनी १२ दिले आणि शेऱ्यात "पातळ, उथळ" लिहिलं. सहाव्याला १७, "भारदस्त". दोन्ही चिलीच.

हे सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "सहावीच्या आधी ती गोडसर आली होती ना, म्हणून ही उठून दिसली." आणि यात तथ्य आहे. आधीचा घोट पुढच्या घोटाची चव बदलतो, म्हणूनच कोरडीकडून, म्हणजे गोडी नसलेलीकडून, गोडीकडे जायची रीत आहे, आणि नाशिकची आमच्याकडे जरा लवकर आली. तरी मी त्यांना रॉबर्ट हॉजसनचं सांगितलं. हा माणूस स्वतः वाइन करणारा. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या परीक्षकांना त्याने एकाच बाटलीतली वाइन त्यांच्या नकळत तीनदा दिली. आपल्याच गुणांशी जवळपास जुळेल असे गुण पुन्हा देऊ शकणारे दहातला एखादाच निघाला. त्याने ते २००८ साली छापलं. "म्हणजे माझं चुकलेलं नाही," काका म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

राहिली रीसलिंग. सातवी. तिचा वास आला आणि एकमत झालं, दिवसभरात पहिल्यांदा: रॉकेल. आयटीतला मुलगा म्हणाला, ही नक्की आपली, भेसळ आहे. मामा मात्र गंभीर झाले. "फवारणीचं काय ऱ्हायलंय का ह्यात?" २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. ते वर्ष इकडचे बागायतदार विसरलेले नाहीत. मी सांगितलं की हा वास टीडीएन नावाच्या रेणूचा, रीसलिंगमध्ये तो असतोच, वयाने आणि उन्हाने वाढतो, आणि जाणकार त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात. बाटलीवरचा कागद काढला. जर्मनी, आणि सगळ्यांत महाग बाटली. मामांच्या चेहऱ्यावर मी इतकं निखळ समाधान क्वचितच पाहिलंय. "मग अडवा की त्यांची! परत पाठवा हँबर्गला."

तेवढ्यात नवऱ्याने कपाट उघडून भडंग बाहेर काढलं, कारण आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि इथे रॉकेलवाल्या बाईंनी बाजी मारली. तिखटाला थोडी गोडी आणि चांगला आंबटपणा लागतो, मोझेलच्या या बाटलीत दोन्ही होतं. लसूण-मिरचीच्या घासावर ती अशी काही जमली की भेसळ म्हणणारा मुलगाच दुसऱ्यांदा ग्लास पुढे करून बसला. सान्सेर मात्र भडंगापुढे पार झोपली. तिला कुणी विचारलंही नाही. सासूबाईंनी शेवटपर्यंत थेंबही घेतला नाही. पण भडंगाचा बकाणा तोंडात असताना रीसलिंगचा वास कसा येतो ते त्यांनी दोनदा तपासलं.

मामा तोवर हिशेबाला लागले होते. एकरी किती निघतं, काडी कुठली, भाव कोण ठरवतं. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांएवढी भरघोस घ्यायचीच नसतात, घड कमी ठेवले तर रसाला दम येतो, असं कळल्यावर त्यांचा रस ओसरला. "घड काढून टाकायचे आणि वर करार दुसऱ्याच्या हातात. नको बाई." मग उठता उठता काकांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढच्या टायमाला मी बेदाणा आणतो. तासगावचा, इजापूरचा, अफगाणी, समदे झाकून. साहेबांनी गुण द्यायचे. एकच बेदाणा दोनदा ठिवणार हाय, आत्ताच सांगून ठिवतो."