मोल्सवर्थ नावाचं गाव

पागोळी शब्द बघायला आज मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला आणि त्या आडनावापाशीच थांबले. इंग्लंडात जुन्या हंटिंग्डनशर परगण्यात मोल्सवर्थ नावाचं छोटं गाव आहे. १०८६च्या डूम्सडे या जमीनजुमल्याच्या सरकारी नोंदवहीतही त्याचं नाव सापडतं. ‘मूल’ नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची कुंपण घातलेली वाडी, म्हणून मोल्सवर्थ. म्हणजे आपल्या पुणेकर-सातारकरांसारखंच गावावरून पडलेलं आडनाव! किती बरं वाटलं हे वाचून.

तेच आडनाव लावणाऱ्या जेम्स मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश दिला, १८५७ मध्ये वाढवलेली आवृत्ती. म्हणी, वाक्प्रचार, कोकणातले बोलीशब्द, केवढं जमवलंय! इंग्लंडात हे आडनाव फारसं आढळत नाही. मराठी अभ्यासकांच्या तोंडी मात्र ते रोजचं आहे.