ॲडलेड: पायी फिरायचं शहर

मंगळवार

मेलबर्नहून रात्रीच्या बसने सकाळी ॲडलेडला उतरले. खोली दुपारी दोनला मिळणार होती, म्हणून पाठीवरची सॅक हॉस्टेलच्या लॉकरमध्ये टाकली आणि चालत सुटले. एप्रिलची थंडी, पण उन्हात बसलं की अंगातलं स्वेटर काढावंसं वाटतं.

या शहराचा मधला भाग अर्ध्या-पाऊण तासात आरपार चालून होतो. रस्ते सरळ, काटकोनात, मधोमध व्हिक्टोरिया स्क्वेअर, आणखी चार चौक ठरावीक अंतरावर. आणि या चौकटीभोवती चहूबाजूंनी मोकळी हिरवी जमीन. कर्नल विल्यम लाइटने १८३७ मध्ये ही आखणी केली, आणि हा पट्टा आजही बराचसा टिकून आहे. कुठल्याही दिशेला चालत निघा, शेवटी पायाखाली गवत येतंच. पुण्यातल्या टेकड्या वाचवण्यासाठी चाललेली भांडणं लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे दुपारभर त्या गवतावर पडून राहताना मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. बिचारा १८३९ मध्ये क्षयाने गेला. शहर उभं राहिलेलं त्याने पाहिलंच नाही.

ही जमीन मुळात काउर्ना या इथल्या आदिवासी लोकांची. लाइटने नकाशा मांडला तेव्हा ती काही रिकामी पडलेली नव्हती. आता चौकांच्या आणि बागांच्या पाट्यांवर इंग्रजी नावाशेजारी काउर्ना नावंही आहेत. व्हिक्टोरिया स्क्वेअर म्हणजे तर्न्दान्यांगा. मी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

बुधवार

आज स्टेट लायब्ररीच्या मॉर्टलॉक विंगमध्ये जाऊन बसले. १८८४ची इमारत. लाकडी कपाटं, वर दोन मजले लोखंडी जाळीचे सज्जे, छतातून येणारा उजेड. कोणी ओळखपत्र विचारलं नाही, कोणी हटकलं नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा जुनी वर्तमानपत्रं काढून बसले होते आणि एक शाळकरी मुलगी गणितं सोडवत होती. मी पत्रं लिहिली.

प्रवासात माझा जीव सर्वांत जास्त कशात गुंतत असेल, तर अशा जागांमध्ये. जिथे पैसे न टाकता बसता येतं, पाणी पिता येतं, पाय मोकळे करता येतात. मधल्या भागात ट्रामही फुकट आहे. हॉस्टेलमध्ये जो भेटतो तो विचारतो, बारोसाच्या द्राक्षमळ्यांत गेलीस का, कांगारू आयलंड केलंस का. दोन्ही सुंदरच असणार. पण त्या सहलींच्या पैशात मी इथे कितीतरी जास्त दिवस राहू शकते, आणि मला राहायचंय.

संध्याकाळी बोटॅनिक पार्कात वटवाघळं बघितली. उंच झाडांवर हजारोंनी लटकलेली असतात आणि अंधार पडू लागला की एकेक थवा सुटतो. कलकलाट केवढा! खालून सायकलवाले शांतपणे घरी चाललेले.

रात्री आईला फोन. इथलं घड्याळही आपल्यासारखं अर्ध्या तासाचं, त्यामुळे हिवाळी वेळेत फरक पुरा चार तासांचा. इथे नऊ वाजले की तिच्याकडे पाच. चहाच्या वेळेला बरोब्बर सापडते.

गुरुवार

लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची मशीद. अरुंद गल्ली, बैठी घरं, आणि मध्येच चार पांढरे मिनार. १८८०च्या दशकाच्या शेवटी उंटवाल्यांनी बांधलेली. ऑस्ट्रेलियातल्या शहरांमधली ही सर्वांत जुनी. त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले. इथल्या वाळवंटात तारेचे खांब, धान्य, पाणी याच लोकांनी आणि त्यांच्या उंटांनी पोचवलं. बाकी दिवस पावसात गेला.

शुक्रवार

सेंट्रल मार्केट शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. १८६९ पासूनचा हा बाजार. चीज, ऑलिव्ह, इटालियन सॉसेज, व्हिएतनामी पालेभाज्या, सगळं एका छपराखाली. अंजिरं आणि बिही यांचे दिवस आहेत. एका भाजीवालीकडे जांभळी, चकचकीत भरताची वांगी दिसली आणि माझं ठरलं.

इथल्या बागांमध्ये सार्वजनिक शेगड्या असतात. विटांचा ओटा, त्यात बसवलेला गुळगुळीत पोलादी पत्रा, आणि समोर एक बटण. बटण दाबलं की पत्रा विजेवर तापतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचं. पैसे नाहीत, नोंदणी नाही. दुपारी टॉरेन्स नदीच्या काठी बॉनिथन पार्कात गेले. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात निघून जाणारे प्रवासी उरलेलं सामान एका फळीवर ठेवून जातात, तिथून ऑलिव्ह तेल आणि मीठ घेतलं होतं. तिखट-हळद माझ्याकडे असतेच, रवाही दुकानात मिळाला. वांग्याच्या जाड चकत्या, मीठ-मसाला चोळून, रव्यात घोळवून फॉइलवर टाकल्या. रवा तांबूस झाला, कडेने तेल चुरचुरू लागलं, तसा शेजारी सॉसेज भाजणारा बाप आपल्या मुलांना घेऊन बघायला आला. धाकटीने काप खाल्ला आणि सरळ दुसरा मागितला! त्यांनी मला भाजलेली मक्याची कणसं दिली. निघताना त्या बापाने पत्रा खरवडून, कागदाने पुसून लख्ख केला. माझ्या बाजूचाही.

शनिवार

ॲडलेड ओव्हल. क्रिकेटचा हंगाम संपलेला, संध्याकाळी फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना, म्हणून सकाळीच मैदान बघून आले. १९११चा हाताने चालवायचा धावफलक अजून उभा आहे. गवताची टेकडी, मागे वडाच्या जातीचे जुने विशाल वृक्ष, त्यापलीकडे सेंट पीटर्स कॅथीड्रलचे मनोरे. नवे भव्य स्टँड बांधताना ही उत्तरेची बाजू उघडी ठेवली, हे फार चांगलं केलं.

माझ्या आजोबांच्या तोंडी या मैदानाचं नाव कायम असे. जानेवारी १९४८. समोर ब्रॅडमनचा संघ, ब्रॅडमनच्या स्वतःच्या २०१. आणि आपल्याकडून सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंची दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. कसोटीत हे करणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ काढल्या. दुसऱ्या डावात त्यांचा वेगवान गोलंदाज लिंडवॉलने सात बळी घेतले, आपण डावाने हरलो. आजोबा हरल्याचं कधी सांगत नसत. मी त्या टेकडीवर बराच वेळ बसून खेळपट्टीच्या दिशेने बघत राहिले. कृष्णाकाठच्या आणि पंचगंगेकाठच्या दोन माणसांनी इतक्या दूर येऊन, लिंडवॉलसमोर उभं राहून धावा केल्या. ऊर भरून आला.

संध्याकाळी नदीवरच्या पादचारी पुलावरून मफलर गुंडाळलेली माणसं लोटली. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळी चालतच मैदानाकडे.

रविवार

ट्रामने ग्लेनेल्ग. शेवटचा थांबा जवळपास वाळूतच. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाण्यात मावळतो, आपल्या कोकणासारखा.

जेटीवर खेकडे धरणाऱ्यांची रांग होती. गोल जाळ्यात माशाचं डोकं बांधायचं, दोरीने तळाशी सोडायचं, थोडा वेळ थांबून झटक्यात वर ओढायचं. एका काकांच्या जाळ्यात निळसर नांग्यांचा खेकडा आला. त्यांनी प्लॅस्टिकचं माप काढून त्याच्या पाठीवर लावलं. किंचित कमी. लगेच पाण्यात. पुढचा आला, तोही कमी, तोही पाण्यात. पहारा ठेवायला कोणीही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी नातवंडं येणार आहेत. तिसरा मापात बसला, तसे खूष होऊन मला बादलीत बघायला बोलावलं.

हॉस्टेलच्या स्वागतकक्षात सांगून मुक्काम वाढवलाय. उद्या माउंट लॉफ्टी. वॉटरफॉल गलीपासून माथ्यापर्यंत साधारण चार किलोमीटरची चढण आहे, वाटेत निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतात म्हणे. उरलेली दोन वांगी आज रात्रीच भाजून भरीत करून ठेवते, सकाळी पावात घालून नेता येईल.