लांबीच्या रकान्यात काय लिहू?

मी मुलांच्या माहितीकोशाच्या नोंदी तपासते, काम तसं बोअरच. त्या दिवशी तुलनेचा तक्ता आला, एकीकडे गंगेतला डॉल्फिन आणि दुसरीकडे आर्मिलारिया ऑस्टोयी, म्हणजे जंगलातलं हनी मशरूम. मला वाटलं कुणाचा तरी कॉपी-पेस्टचा घोळ. सर म्हणाले, "अगं मुद्दाम केलंय, मुलांना गंमत वाटेल, तू रकाने भर."

डॉल्फिनचे रकाने पटापट झाले. लांबी २ ते अडीच मीटर, डोळ्यात भिंगच नाही त्यामुळे फार तर उजेड-अंधार कळतो, गढूळ पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे शोधतो, आणि २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर.

मशरूमला आधी कुणीतरी 'वनस्पती' लिहिलेलं, ते खोडलं (बुरशी नात्याने प्राण्यांच्या जास्त जवळची, हे कुणाला सांगितलं तर हसतात). मग लांबीत छत्रीचे ५-१० सेंटिमीटर टाकले आणि तिथेच अडकले, कारण छत्री म्हणजे नुसतं फळ, खरा जीव मातीत आणि झाडाच्या सालीखाली पसरलेला. अमेरिकेत ओरेगॉनच्या मॅल्ह्यूर जंगलात यातला एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलाय, वय हजारो वर्षं, वाटेतली झाडं मारत सुटलाय! एकच कशावरून, तर वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने एका काचेच्या बशीत शेजारी वाढवायचे, एकाच जीवाचे असले तर मिसळून जातात, नाहीतर मध्ये रेघ पडते. इतकी साधी युक्ती, मी तर खूशच झाले.

मग डॉल्फिनची मोजणी उघडली. तो श्वासाला सेकंदभर वर येणार, पाठ दिसली न दिसली की गायब, म्हणून बोटीवरून बघायचं आणि पाण्यात माइक सोडून ऐकायचं पण. भारतातल्या पहिल्या मोठ्या मोजणीचा आकडा २०२५ मध्ये आला, ६,३२७, त्यातले ३ सिंधू जातीचे, बियास नदीतले. म्हणजे बघा, डॉल्फिन दिसतात त्यापेक्षा जास्त असतात आणि मशरूम शंभर दिसले तरी असतो एकच!

मी लांबीचा रकाना उडवला आणि तिथे 'मोजतात कसे' असा टाकला. सरांनी दोनदा वाचलं, म्हणाले, "हे छान झालं. पण वजनाचं काय केलंस?"

वजनाचा रकाना अजून रिकामाच आहे.