तंजावर एका दिवसात: मोठं देऊळ दोनदा, बाकी सगळं मधल्या वेळात

तंजावर एका दिवसात नीट बघून होतं, फक्त दिवसाची आखणी उन्हाच्या हिशेबानं करायला हवी. मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं आणि चारला पुन्हा उघडतं. पण बंद नसतं तरी भर दुपारी तिथं जाऊ नये असंच मी सांगेन. अख्खं आवार दगडी फरसबंदीचं आहे आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात. अकरा वाजल्यानंतर लोक तिथं चालत नाहीत, सावलीच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात धावतात. म्हणून आमचा क्रम असा होता: उजाडताना देऊळ, मग राजवाडा, केळीच्या पानावरचं जेवण, खोलीवर पंख्याखाली विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा देऊळ. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम इथली देवळंही त्याच दिवसात कोंबण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिन्ही देवळं मिळून एकच जागतिक वारसास्थळ आहे. ते दोन दिवसांचं काम आहे. एका दिवसात केलंत तर लक्षात राहील ती टॅक्सी.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्री निघून पहाटे तंजावरला उतरवणारी गाडी सगळ्यात सोयीची. विमानानं यायचं तर तिरुचिरापल्लीला (त्रिचीला) उतरा, तिथून बसनं साधारण दीड तास. बसनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्रिचीच्या बस नव्या बसस्थानकाशी थांबतात आणि ते शहराबाहेर आहे. जुनं बसस्थानक देवळाच्या जवळ आहे, दोन्हींमध्ये शहर बस धावतात. रेल्वेनं आलात तर स्थानक, देऊळ आणि राजवाडा हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात आहे. हिंदीचा फारसा उपयोग होत नाही. रिक्षावाल्याला देवळासाठी ‘पेरिय कोविल’ आणि राजवाड्यासाठी ‘अरणमनै’ एवढं सांगितलं की काम होतं. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

देवळात शिरताना तीन दरवाजे लागतात. सगळ्यात बाहेरचा मराठ्यांच्या काळातला. पुढचे दोन हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाचे, केरळांतकन आणि राजराजन. राजराजनवरचे द्वारपाल बघून मान दुखेल, पण थांबा, पुढे आणखी आहे. 1010 साली पूर्ण झालेलं हे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे, सगळं ग्रॅनाइटचं, आणि हा दगड तंजावरच्या आसपास मिळत नाही. दक्षिणेतल्या बऱ्याच देवळांत गोपुरं उंच आणि गाभाऱ्यावरचं शिखर बुटकं असतं. इथं उलट आहे, म्हणून पहिल्या नजरेत माणूस गोंधळतो. समोरचा अवाढव्य नंदी एकाच दगडातला, पण तो आणि त्याचा मंडप चोळांनंतर आणि मराठ्यांआधी इथं राज्य केलेल्या नायक राजांच्या काळातला, चोळांचा नाही.

जोत्यावरचे तमिळ शिलालेख वाचता आले नाहीत तरी त्यांच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. देवळाला दिलेले दागिने, दिव्यांसाठी नेमून दिलेली गुरं, सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं आणि त्यांची घरं कोणत्या रस्त्यावर, हे सगळं तिथं कोरलेलं आहे. एखाद्या काटेकोर कारकुनानं आपली वही दगडावर उतरवून ठेवावी तसं. गाइड सांगतात की शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. आम्ही त्याच सावलीत बसून पाणी प्यायलो.

मराठी माणसानं इथं आणखी एक गोष्ट शोधायलाच हवी. देवळाभोवतीच्या प्राकाराच्या नैऋत्य भागातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे, मराठीत आणि देवनागरीत. हा 1803 सालचा लेख तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी कोरवून घेतला. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, अचानक आपल्याला वाचता येईल अशी ओळ दिसते तेव्हा छाती फुगते हे खरं. पण मला वाटतं, फुगलेली छाती घेऊन तिथंच थांबू नये. हे देऊळ उभं राहिलं त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला आले. आपण इथले शेवटचे भाडेकरू, तेही घर नीट सांभाळणारे, एवढ्या बेतानं बघितलं तर दोन्हींचा आनंद मिळतो.

न्याहारीसाठी देवळाजवळच्या किंवा स्थानकाजवळच्या कोणत्याही गर्दीच्या शाकाहारी खानावळीत शिरा. गर्दी हाच निकष. वेण पोंगल मागवा: तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून त्यात तूप, मिरे, जिरं आणि काजू. सोबत मेदुवडा. पोंगल पोटात बसलं की दुपारपर्यंत भूक लागत नाही, उलट झोप येते, म्हणून त्यावर फिल्टर कॉफी हवीच. पितळी डबऱ्यात आणि पेल्यात येते. साखर कमी हवी असेल तर आधीच सांगा.

राजवाडा मूळचा नायकांचा, पुढे मराठ्यांनी वाढवला. आवारात वेगवेगळी दालनं आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी असू शकतात, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. वेळ कमी असेल तर कलादालन आणि सरस्वती महाल, बाकी सोडलं तरी चालेल. मराठ्यांचा रंगवलेला दरबार तेवढा जाता जाता बघून घ्या.

कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. तिथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. तिरुवेंकाडूहून आलेला अकराव्या शतकातला वृषवाहन शिव त्यांतला मुकुटमणी. पाय सहज दुमडलेला, जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, आणि एक हात नंदीवर रेललेला. नंदी मात्र हरवला आहे. म्हणजे हात हवेतच टेकलेला, आणि तरीही त्या अंगातला आराम जराही कमी होत नाही. मूर्तीच्या मागच्या बाजूनंही बघा. बहुतेक जण समोरून फोटो काढून पुढे सरकतात आणि पाठीचा तो बाक हुकवतात.

सरस्वती महाल हे नायकांच्या काळापासूनचं ग्रंथालय, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी पोथ्या, मोडी कागदपत्रं, सगळं मिळून हस्तलिखितांची संख्या चाळीस हजारांच्या वर जाते. सामान्य माणसाला ग्रंथालयात नाही, त्याच्या छोट्या संग्रहालयात प्रवेश मिळतो. कॅमेरा बाहेर. हा राजा विलक्षण होता. 1799 साली कंपनीनं राज्य काढून घेतलं, हातात किल्ला आणि तनखा उरला. तेव्हा त्यानं पुस्तकं जमवली, देवनागरी छापखाना काढला, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसकट नोंदी ठेवल्या. त्याचे गुरू श्वार्ट्झ हे मिशनरी. त्यांच्या नावाचं 1779 सालचं चर्च मोठ्या देवळालगतच्या शिवगंगा बागेशेजारी आहे आणि मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला राजा तिथल्या संगमरवरी शिल्पात दिसतो. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन. संध्याकाळी देवळात जाताना दहा मिनिटं काढून हे चर्च उघडं आहे का बघा.

दुपारचं जेवण ‘मील्स’. केळीचं पान, त्यावर आधी पाणी शिंपडून ते आपणच पुसायचं. कूटू (डाळ घातलेली भाजी), पोरियल (सुकी भाजी), अप्पळम (पापड), लोणचं, आणि मधोमध भात. भाताचे फेरे ठरलेले: आधी सांबार, मग वत्तकुळंबु, मग रसम, शेवटी ताक किंवा दही. आपली माणसं पहिल्याच फेऱ्यात भाताचा डोंगर घेतात आणि रसमला जागा उरत नाही. तसं करू नका, इथलं रसम हेच खरं जेवण आहे. वत्तकुळंबुची चिंचेची आंबट-तिखट चव पहिल्या घासाला अंगावर येते, तिसऱ्याला आवडू लागते. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. सांबार तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. समकालीन पुरावा नाही. गोष्ट ऐकून घ्यावी आणि सांबार पुन्हा वाढून घ्यावं.

खरेदी दुपारी उरका. तंजावरची डुलणारी बाहुली ओझ्याला हलकी आणि मुलांना आवडणारी. तंजावर चित्र घेणार असाल तर सोन्याचा वर्ख खरा आहे का आणि उठाव हातानं भरलेला आहे की साच्याचा, हे दोन प्रश्न विचारा. दुकानदार उत्तर टाळू लागला तर बाहेर पडा.

साडेचारनंतर देवळात परतलो तेव्हा ते वेगळंच वाटलं. फरशी निवत आलेली, गावातली कुटुंबं मुलांना घेऊन हिरवळीवर बसलेली, आणि पश्चिमेच्या उन्हात दगड मधाच्या रंगाचा झालेला. सकाळी आम्ही शिल्पं पाहिली, संध्याकाळी नुसते बसलो. एकच फेरी जमणार असेल तर मी संध्याकाळची निवडेन. आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन भित्तिचित्रं सर्वांसाठी खुली नसतात, त्यामुळे त्यांची आशा ठेवू नका. नायककालीन सुब्रह्मण्याचं, म्हणजे कार्तिकेयाचं, छोटं देऊळ मात्र चुकवू नका, त्याचं कोरीवकाम मोठ्या विमानापेक्षा कितीतरी नाजूक आहे.

जायला डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथं ईशान्य मोसमी पाऊस असतो, आपल्याकडची दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर तेरा-चौदा किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवय्यारू आहे, कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची समाधी तिथंच. जानेवारीच्या आसपास होणाऱ्या आराधनेच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या संगीतोत्सवाच्या, दिवसांत मात्र खोल्या आधीच भरतात. मुगाच्या डाळीचा, तुपानं थबथबलेला अशोका हलवा याच गावचा. तो गरमच खा.