आमच्याकडे

दादाचा फोन येऊन तीन तास झाले. बोलणं साधंच. "आमच्याकडे गौरींचं आवाहन सकाळीच उरकायचंय, तू आपली जेवायच्या वेळेला पोच."

ओटा पुसला, विरजण लावलं, तरी तेच डोक्यात. आमच्याकडे. आपल्याकडे म्हणाला नाही.

मग मी कुठली?

ऐकणाऱ्याला आत घेतलं तर आपण, उंबऱ्याबाहेर ठेवलं तर आम्ही. हे शाळेत कुणी शिकवलं नाही, तरी बारकी पोरंही चुकत नाहीत. हिंदीत बरं, एका 'हम'मध्ये सगळे मावतात. गुजरातीत मात्र 'आपणे' आणि 'अमे' वेगळे. म्हणजे शेजारच्या काकूंनाही भाऊ असाच टोचत असणार.

ते मुखवटे आणले तेव्हा आईबरोबर मी होते. एसटीत डबा मांडीवर घेऊन... जाऊ दे.

शब्दकोश उघडला. 'आपण' आला संस्कृत 'आत्मन्'वरून, प्राकृत 'अप्प'च्या वाटेने. म्हणजे मुळात एकट्याचाच शब्द. 'आपण बरं, आपलं काम बरं' यात तो अजून एकटाच आहे. आमचा भाजीवाला "आपण उधार देत नाय" म्हणतो, तिथेही आपण म्हणजे तो एकटा. आणि "आपण बसावं" म्हटलं की समोरचा पाहुणा! तेव्हा दादा 'आपण' म्हणाला असता तरी माझी खात्री कुठे होती?

हे त्याला सांगितलं तर म्हणेल, "तुझं आपलं काहीतरीच." यातल्या 'आपलं'ला तर काही अर्थच नाही. नुसतं आपलं उगाच.

बरं, मी तरी कुठली शहाणी. गेल्या होळीला पुरण वाटताना सासूबाईंना म्हटलं, "आमच्याकडे जायफळच घालतात." लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर! त्या काही बोलल्या नाहीत, किसणी तेवढी काढून दिली. आणि दिवाळीत दादाला "आमच्याकडे फराळाला ये" कोण म्हणालं होतं? त्याने नसेल ओटा पुसला तीन तास.

मेसेज लिहायला घेतला. 'आपल्याकडे' लिहिलं, खोडलं. मग नुसतंच 'सकाळीच येते, आवाहनाला' पाठवलं. मराठीत 'मी'सुद्धा लागत नाही, 'येते'त सगळं आलं.

दोन मिनिटांत उत्तर. "मग येताना आघाडा आण. आणि लवकर ये, गेल्या वर्षीसारखं नको."