लंबगोल भोकाचं मेंडोलिन आणि नागपूरचा कूलर

शेजारचे काका कधीकाळी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बाँगो वाजवायचे, त्यामुळे आमच्या घरात कुठलंही वाद्य आलं की पहिली तपासणी त्यांचीच. माझ्या मेंडोलिनची केस, म्हणजे पेटी, उघडली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काऊन बे, याचे ते व्हायोलिनसारखे भोकं कुठं गेले? आमच्याकडच्या मेंडोलिनवाल्याचं तं तसं होतं." मी म्हटलं काका, हे लंबगोल भोकाचं आहे, ओव्हल होल म्हणतात. "म्हणजे स्वस्तातलं," असं म्हणून काका चहा घ्यायला बसले.

स्वस्त तर होतंच, खोटं कशाला बोलू. ईस्टमन एमडी ३०४, बेंगळुरूच्या एका माणसाने परदेशी जाताना विकायला काढलेलं, सेकंडहँड ३२ हजारात, आणि ते संघमित्रा एक्स्प्रेसने माझ्या मित्राच्या मांडीवर बसून नागपूरला आलं. बायकोच्या लेखी ३२ हजार म्हणजे स्वस्त नाही हे मान्य, पण लॉइड लोअर ह्या गिब्सन कंपनीतल्या तज्ज्ञाची सही असलेलं जुनं गिब्सन एफ-५ मेंडोलिन लाख डॉलरच्या वर जातं, त्या हिशोबाने मी पैसे वाचवलेच की. (हा हिशोब घरी चालला नाही.) आधी माझ्याकडे साडेतीन हजाराचं प्लायवूडचं डबडं होतं, तारा दांडीवरच्या पडद्यांपासून इतक्या उंच की दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची, आणि आपल्यालाच वाजवता येत नाही असं समजून मी ते दोन वर्षं माळ्यावर टाकलं होतं. ह्याची तबली, म्हणजे वरची फळी, अख्ख्या स्प्रूस लाकडाची, पाठ आणि बाजू अख्ख्या मेपलच्या, प्लायवूड नाही. पहिल्या दिवशी ह्याच्यावर नुसता जी वाजवला आणि समजलं की दोष बोटांचा नव्हता.

आता भोकाचं. ऑर्व्हिल गिब्सनला १८९८ मध्ये कोरीव तबलीच्या मेंडोलिनचं पेटंट मिळालं, १९०२ मध्ये अमेरिकेतल्या कलामाझूला त्याच्या नावाची कंपनी निघाली, आणि पुढची वीसेक वर्षं त्यांची सगळी मेंडोलिनं गोल नाहीतर लंबगोल भोकाचीच होती. मग १९२२ मध्ये लोअरच्या देखरेखीखाली एफ-५ आलं, व्हायोलिनसारख्या एफ-भोकांचं. अमेरिकन वादक बिल मन्रोचं प्रसिद्ध मेंडोलिन त्यातलंच, जुलै १९२३ चं, आणि त्याने ब्लूग्रास, म्हणजे तिकडचं बँजो-फिडलचं लोकसंगीत, उभं केल्यावर सगळ्या जगाला वाटायला लागलं की मेंडोलिन म्हणजे एफ-भोकंच. कारणही तसंच आहे. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, तेव्हा मेंडोलिनवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला कॉर्ड मारून लगेच बोटं ढिली करतो, 'चॉप' म्हणतात त्याला, तो आवाज सुका आणि ठ्ठक पाहिजे. एफ-भोकवाल्याचा आवाज तसाच निघतो, बँजो-फिडलच्या गोंगाटातूनही पुढे येतो. लंबगोलवाला तिथे मार खातो, त्याचा चॉप म्हणजे ओल्या गादीवर लाटणं मारल्यासारखा.

पण मला सांगा, धरमपेठेत कोण बँजो घेऊन बसलंय?

मी एकटा वाजवतो, रात्री साडेनऊनंतर, मागच्या खोलीत, भावगीतं, आईची भजनं, एखादा यमन चाचपडत. आणि तिथे ह्याचा आवाज म्हणजे काय सांगू, गोल आहे, खाली भरलेला आहे आणि मुख्य म्हणजे आस आहे, सूर छेडल्यावर लांबत राहतो. आपल्याकडच्या गाण्यात सूर धरून ठेवावा लागतो ना, आणि मेंडोलिनची मोठी अडचण हीच, जोडतारा स्टीलच्या आणि ताणलेल्या, मींड, म्हणजे तार ओढून सूर घसरवत नेणं, काढायला गेलं तर अर्ध्या सुरापर्यंतच बोटं रडतात, त्यामुळे लांब सूर आला की नखी वरखाली भराभर चालवून ट्रेमोलो करावा लागतो. सुक्या आवाजाच्या वाद्यावर त्या ट्रेमोलोचा दाणा न् दाणा मोजता येतो, शिवणयंत्र चालल्यासारखा. ह्याच्यावर एक स्ट्रोक संपायच्या आत पुढचा त्याच्यात मिसळतो. माझा ट्रेमोलो काही फार चांगला नाही, निम्मं काम भोक करतं. त्यात नखी जाड घेतली, १.४ एमएमची, गोल कोपऱ्यांची, तेव्हा तो काचेसारखा टणटणाट पण गेला.

तारा व्हायोलिनसारख्याच, जी डी ए ई, फक्त जोडीजोडीने आठ. जी ला सा धरला तर मोकळ्या तारा सा, प, रे, ध अशा येतात. व्हायोलिन शिकलेल्या माणसाची बोटं आपोआप जागेवर पडतात, मला मात्र हार्मोनियमवरून यावं लागलं म्हणून सहा महिने लागले.

काकांना मी सज्जाद हुसेनांचं सांगितलं, एवढे मोठे संगीतकार, मेंडोलिनवर राग वाजवायचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मेंडोलिनवाले. आणि यू. श्रीनिवास, ज्यांनी ह्या वाद्याला कर्नाटक संगीतात पक्की जागा मिळवून दिली, त्यांचं मेंडोलिन तर इलेक्ट्रिक, भरीव लाकडाचं, त्याला भोकच नाही. काका म्हणाले, "मंग तू कायले भोकावरून एवढा भांडून राहिला?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी गंमत उन्हाळ्यात. मे महिन्यात बाहेर ४५-४६, हवा अशी कोरडी की पापड वाळवायला दुपारही पुरते. अशा हवेत लाकूड आकसतं, तबली थोडी बसते, तारा पडद्याला लागून झणझण करायला लागतात, फिंगरबोर्डही आकसतो आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. बरं, मग संध्याकाळी कूलर लागतो. वाळ्याच्या ताट्या, भरलेली टाकी, खोलीत नुसता ओलावा, तीच तबली आता फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि सूर चढतो. मग लाइट जाते, कूलर बंद, परत उतरणं सुरू. म्हणजे सकाळी लावलेलं वाद्य रात्री वेगळ्याच माणसाचं वाटतं. एसीवाल्यांना हे कळणार नाही. मी केसमध्ये छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलंय, काटा ४५ ते ५५ मध्ये असला की बाहेर काढतो, आणि वाजवून झालं की लगेच केस बंद. कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात बसत नाही, मग कितीही घाम येवो. पहिल्या वर्षी बसलो होतो, दोन आठवड्यांत तारा गंजल्या.

त्या गंजलेल्या तारा बदलतानाच मी माती खाल्ली. मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते, हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी घाईत आठही तारा एकदम काढल्या आणि घोडी टप्पकन सतरंजीवर. ती कुठे होती ह्याची खूण पण केलेली नाही. नव्या तारा चढवल्या, मोकळ्या सुरात एकदम छान, आणि वर बाराव्या पडद्यावर गेलं की सगळं बेसूर. मग दीड तास, बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून जो हार्मोनिक निघतो तो ऐकायचा, मग तिथेच दाबून वाजवायचं, दाबलेला सूर चढा लागला तर घोडी केसभर मागे, उतरता लागला तर पुढे. आई बाहेरून म्हणाली, "एकच सूर किती वेळ लावतोस रे, पुढे जा ना." आता घोडीच्या दोन्ही पायांशी पेन्सिलच्या बारीक खुणा आहेत आणि तारा एकेक जोडी काढूनच बदलतो, ११ जाडीच्या ऐवजी १० जाडीची हलकी, ह्या तबलीवर तीच मोकळी बोलते असं माझ्या कानाला वाटतं.

महालक्ष्म्यांच्या आरतीला वाजव असं आईने सांगून ठेवलंय. टाळ आणि चाळीस माणसं, त्यात ह्याचा आवाज दोन फुटांपलीकडे जाणार नाही. तिथे एफ-भोकं असती तर बरं झालं असतं, पण हे काकांना सांगायचं नाही.