कॉर्नरला कोणाकडे बघायचं?

मैदानाच्या कडेला उभ्या पालकांपैकी कोणीतरी दर दोन-तीन आठवड्यांनी विचारतंच, "मॅडम, कॉर्नरला तुम्ही मुलींना माणूस का धरायला लावत नाही? नुसत्या रांगेत उभ्या असतात." परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते, त्यामुळे काहीतरी अर्धवट बोलून सुटले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज नीट सांगते.

मी राहते नेरूळला, नोकरी बेलापूरला आणि रविवारी सकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींना फुटबॉल खेळवते. स्वतः गोलकीपर. म्हणजे कॉर्नरवर गोल खाण्याचा अनुभव भरपूर, कधी कधी एकाच सकाळी दोनदा.

कॉर्नर म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू गोलसमोर मारायची समोरच्या संघाला मिळालेली संधी. तो अडवायचा कसा, हा वाद जुना आहे. एक पद्धत म्हणजे मॅन-टू-मॅन: ती सात नंबरवाली तुझी, ती जाईल तिथे तू जायचं. दुसरी झोनल: गोलसमोरच्या छोट्या चौकटीच्या रेषेवर प्रत्येकीने आपापली जागा घ्यायची आणि त्या जागेत येणाऱ्या चेंडूवर झडप घालायची, समोर कोण आहे ते बघायचं नाही. एरवी बचाव करणाऱ्यांच्या हाती ऑफसाइडचं हत्यार असतं: पास निघताना समोरची तुमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा (कीपर धरून) गोलच्या जवळ असेल तर तिला खेळता येत नाही, म्हणून दोन पावलं पुढे आलं की समोरचे अडकतात. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडच नाही. त्यामुळे समोरची पोरगी कीपरच्या नाकासमोर येऊन उभी राहिली तरी नियमात बसतं. वर कॉर्नर घेणारीपासून तुम्ही ९.१५ मीटर लांब. तिला कोणी हात लावू शकत नाही, ती हवा तेवढा वेळ बघून चेंडू टाकणार.

टपरीवर आमचा जो घोळका रात्रीच्या मॅचनंतर चहाला जमतो, त्यात झोनलला शिव्या घालणारे जास्त. "ताई, मोकळं सोडलं ना त्याला!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कोण बोललं ते मान वळवून बघायचीही गरज पडत नाही. इंग्लंडमध्येही हेच. राफाएल बेनिटेझ २००४ ते २०१० लिव्हरपूल क्लबचे कोच होते आणि कॉर्नरला झोनल लावायचे. कॉर्नरवर गोल बसला की टीव्हीवरचे जुने खेळाडू पडद्यावर वर्तुळ काढून दाखवायचे, बघा, इथे कोणीच कोणाला धरलेलं नाही.

आता २०१८ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवा. फ्रान्स विरुद्ध बेल्जियम. ५१ व्या मिनिटाला ग्रीझमनचा कॉर्नर, गोलच्या जवळच्या खांबापाशी फ्रान्सचा उमटिटी बेल्जियमच्या फेलायनीच्या पुढे घुसला आणि हेडर, म्हणजे डोक्यानं मारलेला चेंडू, आत. फ्रान्स १-० ने जिंकून फायनलला गेला. फेलायनीची उंची १.९४ मीटर, उमटिटीची १.८२. त्या रात्री आमच्या टपरीवर "मॅन-टू-मॅन ही पद्धतच बेकार" असं एकही जण बोलला नाही. सगळे म्हणाले, फेलायनी झोपला होता.

माझं म्हणणं इथेच सुरू होतं. माणूस धरला आणि गोल झाला की एक नाव मिळतं. जागा धरली आणि गोल झाला की नाव मिळत नाही, मग माणसं पद्धतीलाच धरून बडवतात. तुमचा प्रश्न डावपेचाचा होता हे कबूल. पण बरेचदा तो प्रश्न गोल झाल्यानंतर दहाव्या सेकंदाला येतो, आणि विचारणाऱ्याला खरं तर एवढंच हवं असतं की चूक कोणाची, आणि ती आपल्या मुलीची नाही ना.

तसे कॉर्नरवर गोल होतात तरी किती? मोठ्या लीगमध्ये शंभर कॉर्नरमागे तीन-चार. पण त्यातले काही आयुष्यभर लक्षात राहतात. वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल कॉर्नरवरच झाला ना! ९ ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप, दिल्लीत कोलंबियाविरुद्ध. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर, जीक्सन सिंगचं हेडर. आमच्या सोसायटीत ज्यांनी कधी फुटबॉल बघितला नव्हता तेही गॅलरीत आले. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल करून मॅच २-१ नं नेली, तेव्हा लोक अजून गॅलरीतच होते. त्याच महिन्यात स्पर्धेची एक सेमीफायनल, माली विरुद्ध स्पेन, आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. मी गोलच्या मागच्या बाजूला बसले होते आणि कॉर्नर आला की चेंडू सोडून फक्त बॉक्समधली ढकलाढकली बघत होते. टीव्हीवर ती अर्धीसुद्धा दिसत नाही. ठाणे-वाशी लोकल सकाळी साडेआठला तुर्भ्याला थांबते तेव्हा दारात जे चालतं, तेच, फक्त इथे शिट्टी वाजायची भीती.

मला झोनल पटवलं ते कुठल्या कोचनं नाही, माझ्या बाबांनी. बाबा ठाण्याचे, कोपरीचे. तरुणपणी कबड्डी खेळायचे, उजव्या कोपऱ्यावर. त्यामुळे "कॉर्नर" शब्द ऐकला की त्यांना आपलाच विषय वाटतो. फुटबॉलचे नियम त्यांना अर्धेच माहीत, पण माझ्याबरोबर रात्री साडेबाराला उठून मॅच बघतात. एकदा कॉर्नरच्या वेळी एक डिफेंडर समोरच्याची जर्सी मुठीत धरून, चेंडूकडे पाठ करून उभा होता. बाबा म्हणाले, "हा कोणाची वाट बघतोय? चढाई तिकडून येत्येय आणि हा इकडे बघतोय."

मी म्हटलं, तो त्याचा माणूस धरतोय.

"माणूस गोल करतो की चेंडू?"

मग त्यांनी सोफ्यावरूनच समजावलं. कबड्डीत चढाई करणारा हात एकीकडे दाखवतो, पाय दुसरीकडे टाकतो. त्याच्यामागे धावत सुटलात तर तो तुम्हाला कुठेही नेईल. कोपऱ्यातल्यानं आपली जागा सोडायची नाही, शेजाऱ्याचा हात सोडायचा नाही आणि पाय टप्प्यात आला की मात्र झेपावायचं. थांबायचं किती आणि सुटायचं कधी, सगळं शहाणपण त्यात. जो आधी सुटतो तो स्वतः बाद होतो, आणि साखळी तुटते ती वेगळीच.

झोनल म्हणजे "नुसत्या रांगेत उभ्या" असं तुम्हाला वाटतं ते यामुळे. उभं राहणं हा फक्त पहिला भाग. आमच्या मुलींना दुसरा भाग अजून जमत नाही, हे मात्र मान्य. त्या उभ्या राहतात आणि समोरची पाच पावलं पळत येऊन उडी मारते. पळत येणारी नेहमीच उंच जाते. झोनलचा हा खरा दोष आहे, आणि तो मी टपरीवर कधी कबूल केलेला नाही.

त्यावर उपाय म्हणून जवळजवळ सगळे मोठे संघ दोन्ही पद्धतींची भेसळ करतात. मीही करते. डोक्यानं चांगल्या खेळणाऱ्या चौघी छोट्या चौकटीच्या रेषेवर, जागा धरून. त्यांच्या पुढे तिघी, समोरच्या सगळ्यात धोकादायक तिघींच्या वाटेत. त्यांनी हेडर जिंकायचा नाही, फक्त धाव मोडायची. एक बाहेर, शॉर्ट कॉर्नरसाठी, म्हणजे त्यांनी चेंडू जवळच्याच मुलीला हळूच दिला तर. एक जवळच्या खांबापाशी. दहावी पुढे, मध्यरेषेजवळ. तिथे ती उभी असली की समोरच्यांना दोघी मागे ठेवाव्या लागतात. एका पालकांना ती "रिकामी उभी" वाटते.

खांबावरच्या मुलीबद्दल माझ्या मनात अजून चलबिचल आहे. गोल ७.३२ मीटर रुंद, माझ्या कीपरची उंची जेमतेम पाच फूट, म्हणून ती तिथे हवी. पण चेंडू एकदा बाहेर मारला की सगळ्यांनी ओरडत पुढे पळायचं असतं, आणि आता ऑफसाइड लागू होतो. खांबावरची मुलगी तिथेच रेंगाळली तर समोरच्या सगळ्या तिच्यामुळे ऑनसाइड. आम्ही असा एक गोल खाल्लाय. ती मुलगी घरी जाईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

इंग्लंडच्या आर्सेनल क्लबवाले हल्ली कीपरभोवतीच गर्दी करतात आणि चेंडू गोलकडे वळेल असा टाकतात. २०२१ पासून त्यांच्याकडे निकोलास जोव्हर नावाचे खास सेट पीसचे, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूंचे, कोच आहेत. बघायला मजा येते, पण गोलकीपर म्हणून मला तो प्रकार मनापासून आवडत नाही. रेफरींनी थोडी अधिक शिट्टी वाजवावी. असो, हा माझा स्वार्थ झाला.

तुम्ही ज्या गोलवरून विचारलंत तो आठवा. चेंडू आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलीच्या मधोमध पडला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि चेंडू जमिनीवर टप्पा पडून आत गेला. माणूस धरला असता तर वाचला असता? कदाचित. पण चेंडू उडाला तेव्हा दोघींनाही दिसत होता, हाक मात्र कोणीच मारली नाही. "माझा!" असं मोठ्यानं ओरडायला चौदा वर्षांच्या मुलींना फार लाज वाटते. घरात, वर्गात हळू बोल म्हणून शिकवलेलं, आणि इथे मी सांगणार गळा फाडून ओरड. गेले तीन रविवार आम्ही कॉर्नरचा सराव चेंडूशिवाय करतोय, नुसती हाक. मैदानाला लागूनच्या इमारतीतले एक काका खिडकीतून विचारत होते, काय झालं, कोणाला लागलं का.

आणि २०१९ ची ती रात्र तर तुम्हाला माहीतच आहे. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, लिव्हरपूल-बार्सिलोना, ७९ वं मिनिट. लिव्हरपूलचा अलेक्झांडर-अरनॉल्ड कॉर्नरपासून निघाल्यासारखं करतो, झटकन परत वळून चेंडू मारतो, गोलसमोर त्याच्याच संघाचा ओरिगी एकटा, ४-०. बार्सिलोनाची पद्धत कुठली होती यावर आमच्या टपरीवर अर्धा तास वाद झाला. चेंडूकडे कोणी बघतच नव्हतं, तर पद्धत कुठली का असेना.

तेव्हा असं करा. येत्या रविवारी साडेसहाला मैदानावर या. मी तुम्हाला चौकटीच्या रेषेवर उभं करते, एक मुलगी तुमच्या पाठीमागून पळत येईल आणि मी कोपऱ्यातून दहा चेंडू टाकते. पाच वेळा तिला धरा, पाच वेळा जागा धरा. बूट मात्र आणा, त्या वेळी गवत ओलं असतं.